वाचक विचारतात : मुर्मरवाउडे गेलं कुठे?

प्रश्न : जुन्या बाजारात घेतलेल्या पोस्टकार्डांच्या गठ्ठ्यात हॉलंडचं एक कार्ड निघालं. झाडांच्या रांगेतून जाणारा रस्ता, मागे चर्च आणि खाली छापलेलं ‘मुर्मरवाउडे’. तिकिटावर राणी विल्हेल्मिना. मोबाइलच्या नकाशात त्या जागी ‘डामवॉल्ड’ दिसतं. मुलाने पूर्वी आणलेल्या युरोपच्या रोड ॲटलासमध्ये तिथेच ‘डामवाउडे’ आहे. एकाच गावाला तीन नावं कशी? आणि अल्बममध्ये कोणतं लिहू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : माझी नोकरी आरएमएसच्या, म्हणजे रेल्वे डाकसेवेच्या, सॉर्टिंगमध्ये गेली. पत्ता आणि गाव जुळेना म्हटलं की मला अजून चैन पडत नाही, त्यामुळे तुमचं पत्र गठ्ठ्यातून वर काढलं. तीन नव्हे, मोजली तर पाच नावं भरतात.

हे गाव नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांतातलं, डोक्कम या छोट्या शहराच्या दक्षिणेला. आपल्याकडे ज्यांच्या गोठ्यात ‘एचएफ’ गाय आहे, त्यांच्या तोंडी या प्रांताचं नाव रोज असतं. होल्स्टीन-फ्रीजियनमधलं फ्रीजियन ते हेच. इथे पूर्वी एका वाटेवर तीन लहान गावं होती. पश्चिमेला अकरवाउडे, मधे तुमचं मुर्मरवाउडे, पूर्वेला डांटुमावाउडे. आजूबाजूला वाळूमिश्रित जमीन आणि शेतांच्या बांधावर आल्डर झाडांच्या रांगा. तुमच्या कार्डावरची झाडं बहुधा रस्त्याकडेची असतील, पण या मुलखाची ओळख त्या बांधावरच्या रांगांनीच होते. तिन्ही गावांची चर्च वेगळी होती. घरं वाढत गेली तशी एकाची वेस कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते, ते बाहेरच्याला कळेनासं झालं.

१९७१ साली तिघांचं मिळून एक गाव केलं. नाव काय ठेवायचं? कुणा एकाचं ठेवलं तर उरलेले दोघे रुसणार. मग डांटुमाचा डी, अकरचा ए, मुर्मरचा एम घेतला आणि पुढे तिघांचं सामाईक ‘वाउडे’ लावलं. झालं डामवाउडे! अक्षरं रस्त्यावरच्या क्रमाने घेतली असती तर ए-एम-डी झालं असतं, ते कुणाच्या जिभेवर बसणार? या जुळणीने एक घोळ मात्र कायमचा करून ठेवला. डच भाषेत ‘डाम’ म्हणजे बांध, धरण. आम्स्टरडॅम, रॉटरडॅम माहीत असलेला माणूस इथेही नदी आणि बांध शोधू लागतो. इथल्या ‘डाम’चा पाण्याशी काडीचा संबंध नाही, ती नुसती आद्याक्षरं आहेत.

आता पाचवं नाव. फ्रीसलंडमध्ये डचखेरीज फ्रिजियन ही स्वतंत्र भाषा बोलतात. गावांची नावं कागदोपत्री डच वळणाची आणि घरात फ्रिजियन, असा प्रकार पिढ्यान् पिढ्या चालला. आपल्याकडे १९९५ पर्यंत माणसं मुंबई म्हणत आणि इंग्रजी कागदावर बॉम्बे असे, तसंच. या भाषेला सरकारदरबारी जागा मिळाली ती सुखासुखी नाही. एका जनावरांच्या डॉक्टरांना कोर्टात फ्रिजियन बोलू दिलं नाही, म्हणून पत्रकार फेडे स्खूरर यांनी न्यायाधीशावर झणझणीत लिहिलं. त्यांच्यावरच खटला झाला. १६ नोव्हेंबर १९५१ रोजी लेवार्डनच्या कोर्टासमोर जमलेल्या गर्दीवर पोलिसांनी दंडुके चालवले. तो दिवस तिथे ‘दंडुक्यांचा शुक्रवार’ म्हणूनच ओळखला जातो. पुढच्या काही वर्षांत प्राथमिक शाळेत आणि कोर्टात फ्रिजियनला वाट मिळाली. १९९७ पासून तर प्रांताचं अधिकृत नावच ‘फ्रिस्लान’ आहे.

डामवाउडे ज्या पालिकेत येतं तिने २००९ मध्ये आपलं नाव डांटुमाडेलचं डांटुमाडील केलं आणि आपल्या गावांनाही फ्रिजियन नावं अधिकृत केली. फेनवाउडनचं फेनवॉल्डन झालं, झ्वागवेस्टआइंडेचं दे वेस्टरेन आणि आपल्या डामवाउडेचं डामवॉल्ड. त्यातला ‘ल’ लिहितात, पण उच्चारत नाहीत.

लोकांना २००९ चा बदल मोठा वाटतो, कारण पाट्या बदलल्या. मला विचाराल तर त्या दिवशी गावाचं काही गेलं नाही, माणसं बोलत होती तेच पाटीवर आलं. खरी काटछाट १९७१ ची. तीन जुनी नावं एकेका अक्षरावर आली. गेली म्हणावं तर पूर्ण गेलीही नाहीत. चर्चची ओळख सांगताना मुर्मरवाउडे निघतंच, आणि डांटुमा तर पालिकेच्या नावातच बसलाय. फार ओढाताण झाली ती बिचाऱ्या अकरवाउडेची.

अल्बममध्ये ठळक अक्षरांत मुर्मरवाउडेच लिहा. कार्ड निघालं तेव्हा गाव तेच होतं, आणि संग्रहात वस्तूच्या काळाचं नाव चालतं. खाली बारीक अक्षरांत ‘१९७१ पासून डामवाउडे, २००९ पासून डामवॉल्ड’ एवढं टाका. तिकडे कुणाला पत्र धाडायचं झालं तर मात्र आजचं नाव आणि पोस्टकोड ९१०४, पुढे रस्त्याप्रमाणे बदलणारी दोन अक्षरं. ती गाळू नका.

आणखी एक. पानाच्या डोक्यावर ‘हॉलंड’ लिहिलं असेल तर खोडून नेदरलँड्स करा. उत्तर हॉलंड आणि दक्षिण हॉलंड हे तिथल्या बारा प्रांतांपैकी दोन, आणि फ्रीसलंड त्यांत नाही. नावासाठी दंडुके खाल्लेल्या लोकांच्या गावावर पुन्हा चुकीची चिठ्ठी कशाला?