वडिलांच्या कर्करोगावरील उपचारांसाठी पीपीएफ खाते १५ वर्षांच्या मुदतीआधी बंद करता येते का?

होय, बंद करता येते. मात्र खाते ज्या आर्थिक वर्षात उघडले ते वर्ष संपल्यानंतर पाच वर्षे पूर्ण झालेली असली पाहिजेत, म्हणजे जून २०२१ मध्ये उघडलेले खाते १ एप्रिल २०२७ पासूनच बंद करता येईल. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी योजना, २०१९ नुसार खातेदार, त्याचा जोडीदार, अवलंबून असलेली मुले किंवा आईवडील यांच्या जिवावर बेतणाऱ्या आजारासाठी ही सवलत आहे, आणि त्यासाठी नमुना ५ मधील अर्जासोबत उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे आजाराची खात्री देणारे वैद्यकीय अहवाल जोडावे लागतात. मात्र खाते उघडल्यापासून जमा झालेले व्याज एक टक्का कमी दराने पुन्हा मोजले जाते, आणि जुन्या खात्यात हा फरक बराच मोठा असतो. म्हणून अंशतः रक्कम काढून उपचारांचा खर्च भागत असेल, तर आधी तीच काढावी, असे मी आग्रहाने सांगेन: तीही याच पाच वर्षांनंतर, वर्षातून एकदा, कोणतेही कारण न देता आणि व्याजकपातीशिवाय मिळते. तिची मर्यादा रक्कम काढण्याच्या वर्षाआधीच्या चौथ्या वर्षाअखेरची किंवा गेल्या वर्षाअखेरची शिल्लक, यांपैकी कमी असेल तिच्या ५० टक्के इतकी आहे.