जुन्या मोझेकमधले आणि हस्तिदंतावरचे ख्रिस्ती संत कसे ओळखायचे?

हे सगळे संत एकाच साच्यातले वाटतात, ही तुमची तक्रार मला पटते. इटलीतल्या राव्हेन्नाला सांत आपोलिनारे नुओव्हो या चर्चमध्ये मीही तसाच भांबावलो होतो. भिंतीवर 26 हुतात्म्यांची मिरवणूक, बहुतेक सगळे पांढऱ्या झग्यात आणि प्रत्येकाच्या हाती मुकुट. समोरच्या भिंतीवर 22 कुमारिका.

आपल्याला सवय शंख-चक्र-गदा-पद्म बघून देव ओळखायची. ती इथे फारशी कामाला येत नाही, कारण हातात खूण देण्याची पद्धत पश्चिम युरोपात पुढे रुळली. त्या कुमारिकांमध्ये अ‍ॅग्नेसच्या पायाशी कोकरू आहे (लॅटिनमध्ये कोकराला ‘आग्नुस’ म्हणतात, म्हणजे नावावरची कोटीच), पण बाकीच्यांसाठी सरळ डोक्यावरचं नाव वाचायचं.

बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यातल्या) कामातही आधी अक्षरंच शोधा. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातलं दहाव्या शतकातलं हार्बाव्हिल त्रिपट (तीन फळ्यांचं चित्रफलक) हस्तिदंती आहे, जेमतेम 24 सेंटीमीटर उंच, तरी संतांची नावं ग्रीकमध्ये कोरलेली आहेत. ग्रीक येत नसलं तरी अक्षरं जुळवता येतात, तेवढा खटाटोप कराच.

अक्षरं झिजली असतील तर कपडे बघा. खांद्यावरून उतरणाऱ्या पट्ट्यावर क्रूस आणि हातात ग्रंथ असेल तर तो बिशप. हातात छोटा क्रूस असेल तर बहुधा हुतात्मा.

मग दाढी! माझ्या मते खरी ओळख तीच. येशूचे प्रेषित घ्या: पेत्राचे केस पांढरे, आखूड, दाढी गोलसर. पौलाला टक्कल आणि काळी, टोकदार दाढी. आंद्रियाचे केस कायम विस्कटलेले. बिशपांमध्ये बेसिलची दाढी लांब, काळी. निकोलसचं कपाळ मोठं, दाढी आखूड. शतकानुशतकं चित्रकारांनी हे चेहरे फारसे बदलले नाहीत, त्यामुळे पेत्राची खूण असलेल्या किल्ल्या दिसल्या नाहीत तरी तो चुकत नाही.

तरीही काही कोडी उरतात. राव्हेन्नातच गाला प्लाचिदिया या रोमन सम्राज्ञीच्या नावाच्या समाधीत एक संत धगधगत्या लोखंडी जाळीकडे निघालाय आणि शेजारच्या कपाटात चार शुभवर्तमानं (येशूचं चरित्र सांगणारे ग्रंथ) ठेवली आहेत. नाव कुठेच नाही. परंपरेने तो लॉरेन्स, जाळीवर भाजून मारलेला डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पदावरचा चर्चसेवक). पण विन्सेंटही डीकनच होता आणि त्याच्याही कथेत जाळी आहे. शिवाय त्या कथेत अधिकारी जाळण्यासाठी पवित्र ग्रंथ मागतो. ते कपाट बघून मी हल्ली विन्सेंटकडे झुकतो.