मध्ययुगीन इंग्लंडमधला बॅरन, म्हणजे राजाचा बडा सरदार, आपल्या जमिनीचा मालक असायचा का?

नाही, जमीन शेवटी राजाचीच. बॅरनकडे ती सैनिकी सेवेच्या बदल्यात असायची. विल्यम द ब्रेओझ या बॅरनचंच बघा. ससेक्समधलं ब्रॅम्बर, वेल्सच्या सीमेवरचं ब्रेकन, ॲबरगॅवेनी, एवढा त्याचा पसारा. १२०१ मध्ये आयर्लंडमधल्या लिमरिकसाठी त्याने जॉन राजाला ५,००० मार्क (तेव्हाचं हिशेबाचं चलन) कबूल केले. खजिन्याच्या वार्षिक हिशेबांत, म्हणजे पाइप रोलमध्ये, ही बाकी दिसते. ती थकली, राजाची मर्जी गेली आणि १२०८ मध्ये जप्ती आली. बायको मटिल्डा आणि थोरला मुलगा राजाच्या कैदेत उपासमारीने मेले, हे वाचताना आजही अंगावर काटा येतो. विल्यम स्वतः १२११ मध्ये फ्रान्समध्ये परागंदा असताना वारला. मात्र एरवी नजराणा भरून जमीन वारसाकडे जायची. १२१५ च्या मॅग्ना कार्टाने, म्हणजे राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणाऱ्या सनदेने, बॅरनच्या वारसासाठी तो १०० पौंड ठरवला.