‘अलोन इन द डार्क’ आणि गाऱ्हाणं न ऐकणारी भुतं

तुम्ही विचारलंय की १९९२ चा ‘अलोन इन द डार्क’ हा भुताच्या वाड्याचा कॉम्प्युटर गेम आज पहिल्यांदाच खेळला तर भीती वाटेल का, की ती ओबडधोबड चित्रं बघून मन उडेल? आणि ज्याच्या कथांवरून तो सुचला त्या लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथाकाराच्या कथा आधी वाचायला हव्यात का?

कथा वाचल्या नाहीत तरी चालेल. भीती वाटेल, पण लगेच नाही. पहिला अर्धा तास चिडचिड होईल. माणसाचं नाक त्रिकोणी, हात ठोकळ्यासारखे, आणि बाण दाबून त्याला वळवायचं म्हणजे अरुंद पाणंदीत बैलगाडी वळवण्यासारखं. धावायचं असेल तर वरचा बाण पटकन दोनदा दाबायचा, आणि नेमका घाईच्या वेळी तो लागत नाही. तेवढा अर्धा तास काढा.

मी मालवणजवळच्या गावातला. आमच्याकडे हा गेम मुंबईच्या चुलतभावाने गणपतीला येताना सीडीवर आणला. तोवर तो बराच जुना झाला होता, पण आमच्या माजघरातल्या कॉम्प्युटरवर नवे गेम चालतच नसत. विसर्जन झालं, चाकरमानी परत गेले, सीडी राहिली. कौलांवर पाऊस, दिवसातून चारदा लाइट जायची, आणि मी एकटा. आजी सांगायची, ‘तिन्हीसांजेक कसली भुतां बघतंस रे?’

गोष्ट थोडक्यात अशी. अमेरिकेतल्या लुईझियानामध्ये, १९२० च्या दशकात, डर्सेटो नावाचा एक वाडा. मालक जेरेमी हार्टवुड याने माळ्यावर गळफास घेतलेला. तुम्ही खासगी गुप्तहेर एडवर्ड कार्नबी व्हायचं, किंवा जेरेमीची पुतणी एमिली. माळ्यावर एक जुना पियानो आहे, त्याच्यासाठी तुम्ही वर चढता आणि खेळ तिथूनच सुरू होतो. म्हणजे भुताच्या घरात आत कसं शिरायचं हा प्रश्नच नाही. तुम्ही आधीच वरच्या टोकाला आहात आणि सगळं घर पायाखाली आहे. कौलारू घरात वाढलेल्याला माळा काय असतो हे वेगळं सांगायला नको. नारळाची सोडणं, मोडका पाळणा, कुणाची तरी पत्र्याची ट्रंक, आणि दिवसासुद्धा बॅटरी लागेल असा काळोख. माळ्यावर आम्ही एकटे कधी जात नसू.

आता त्या जुन्या चित्रांबद्दल, कारण तुमची खरी शंका तीच आहे. हा गेम फ्रान्समधल्या इन्फोग्राम्स कंपनीत फ्रेडरिक रेनाल याने बनवला. तेव्हाच्या घरगुती कॉम्प्युटरला अख्खं घर त्रिमितीत काढणं झेपणारं नव्हतं. म्हणून प्रत्येक खोली ठरावीक कोनांतून सपाट चित्र म्हणून रंगवली, आणि फक्त माणसं, प्राणी आणि हलणाऱ्या वस्तू त्रिमितीत ठेवल्या. त्यामुळे कॅमेरा तुमच्यामागून येत नाही. तो आढ्याला, कोपऱ्यात, जिन्याखाली कुठेतरी बसलेला असतो, आणि तुम्ही पुढे सरकलात की एकदम दुसऱ्या जागेवरून बघायला लागतो. सुरुवातीलाच तुम्ही वाड्याकडे चालत येता ते वरच्या खिडकीतून दिसतं, आणि त्या खिडकीशी माणसाचे नसलेले हात असतात. त्यानंतर कोन बदलला की प्रत्येक वेळी मनात येतं, आता इथून कोण बघतंय? अडचणीतून निघालेली ही युक्ती पुढे १९९६ च्या ‘रेसिडेंट इव्हिल’ या गेमनेही उचलली. चित्रं गुळगुळीत असती आणि कॅमेरा पाठीशी असता तर हे जमलं नसतं असं माझं ठाम मत आहे.

इथे एक कोडं फोडतो. स्वतः शोधायचं असेल तर पुढचा परिच्छेद सोडा.

खालच्या मजल्यावर जेवणाची खोली आहे. तिथे मेलेली माणसं आहेत, आणि तुम्ही आत गेलात की अंगावर येतात. चुलतभाऊ तिथे बंदूक घेऊन कितीतरी वेळा मेला होता. मी तिथे पोचलो तेव्हा म्हाळाचे दिवस होते. सकाळीच आजीने पितरांसाठी पानावर वाडी वाढून ठेवली होती. जेवणाच्या मेजावर मेलेली माणसं, आणि शेजारी स्वयंपाकघरात शिजलेल्या अन्नाचं भांडं! मला विचार करावा लागला नाही. भांडं आणून मेजावर ठेवलं. ते जेवायला लागले, आणि मी मधून निघून गेलो. नाचाच्या दालनातही तसंच. तिथल्या जोडप्यांना मारायचं नसतं, ग्रामोफोनवर योग्य तबकडी लावायची, आणि ती नाचत असताना कुणाला धक्का न लावता पलीकडची किल्ली घ्यायची. ज्याला जे हवं ते द्या आणि वाट मागा.

आमच्या भागातली भुतं अशीच असतात. देवचार म्हणजे गावाच्या हद्दीत फिरणारा आत्मा, त्याला त्याचा मान लागतो, राखणदाराला वर्षाचा नारळ आणि कोंबडा. गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढची विनवणी, घालणारा बोलतो, बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. भीती आहेच, पण ती हिशेबातली. काय चुकलं ते विचारता येतं आणि चूक भरून देता येते. डर्सेटोचे वरचे मजले खेळताना मला हीच भीती भेटली, आणि खरं सांगायचं तर तिचा आधार वाटला.

तळघराखाली मात्र हे बंद होतं. वाड्याच्या पोटात गुहा आहेत, पाणी आहे, पूर्ण काळोखातली वाट आहे, आणि ज्याच्यामुळे हे सगळं चाललंय तो एक जुना समुद्री चाचा तिथे एका झाडाशी एकजीव होऊन बसलाय. त्याला जेवण नको, गाणं नको. त्याच्याशी बोलणीच नाहीत. वरच्या मजल्यांवर मी शिकलो ते तिथे उपयोगाचं नव्हतं. पहिल्यांदा मी हातातली एकेक वस्तू त्याच्यासमोर ठेवून बघितली, काही तरी घेईल म्हणून.

लव्हक्राफ्ट तिथे आहे. हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट, १८९० ते १९३७, जवळजवळ सगळं आयुष्य अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या प्रॉव्हिडन्स शहरात. त्याच्या कथांमधली मोठी शक्ती दुष्ट नसते. विश्व अफाट आहे आणि माणसाचे कायदे, भावना, देणीघेणी यांना तिथे काही किंमत नाही, हा त्याचा पाया. मुंगीवर पाय पडतो तेव्हा आपण मुंगीवर रागावलेलो नसतो, तसं. समुद्र त्याच्या कथांमध्ये पुन्हा पुन्हा येतो, नेहमी परका आणि किळसवाणा. त्याला मासळीचीही शिसारी होती. आम्हाला हे विचित्र वाटतं, कारण आमचा समुद्र अन्न देणारा, आणि नारळी पौर्णिमेला नारळ घेऊन शांत होणारा. म्हणून त्याच्या कथा मी आधी वाचल्या असत्या तर मला त्या नुसत्या अतिशयोक्त वाटल्या असत्या. गेममधून खाली उतरत गेलो म्हणून कळल्या. तुम्हीही हाच क्रम ठेवा, आधी खेळा.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं त्या रात्री मी घरीच होतो. आईने देवासमोर नारळ ठेवला होता. रात्रभर कौलं उडत होती, आणि वाऱ्याच्या आवाजात आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. सकाळी परड्यातले सात माड आडवे होते. नंतर बरेच दिवस वीज नव्हती, कंदिलावर काढले. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की समुद्राला आमचा पत्ताच नाही. राग असता तर नारळ देता आला असता. वीज आल्यावर काही आठवड्यांनी हा गेम पुन्हा काढला, आणि शेवटची गुहा या वेळी मला एका बैठकीत संपवता आली नाही. पोरवयात त्या जागी नुसतं कोडं अडलं होतं. आता तिथे पोचलो की गेम बंद करून बाहेर अंगणात जाऊन बसत होतो. तुम्ही भीतीचं विचारलंत म्हणून हे सांगितलं.

आता कामाचं. गेम जीओजी या संकेतस्थळावर विकत मिळतो आणि आजच्या कॉम्प्युटरवर चालतो. २०२४ मध्ये याच नावाने आलेला गेम नव्याने रचलेला आहे, तो घेऊन हाच खेळला असं समजू नका. लढणं, शोधणं, ढकलणं यांतलं आधी काय करायचं ते यादीतून निवडावं लागतं आणि मग स्पेसबार दाबून धरायचा. हे लक्षात आलं की निम्मी चिडचिड जाते. कुठेही सेव्ह करता येतं, पण एकाच जागी सेव्ह करत राहू नका. एखादी वस्तू वाया घालवली तर पुढे वाट बंद होते आणि गेम तुम्हाला ते सांगत नाही. मी असाच एकदा माळ्यापासून परत सुरुवात केली आहे. काही पुस्तकं नुसती वाचली तरी मरण येतं, म्हणून नवं पुस्तक उघडण्याआधी सेव्ह करा. पुढच्या दाराने पळून जायचा मोह होईल. एकदा उघडून बघाच, म्हणजे घर तुम्हाला का सोडत नाही ते कळेल.

आणि सुरू झाल्या झाल्या माळ्यावर उभे राहून विचार करू नका. खिडकीकडे बघा, जवळचं कपाट बघा, आणि ढकलायला लागा. टेबलावरचा दिवा घ्या. वाटेत तेलाचा डबा मिळेल, काड्या मिळतील. उजेड असलेल्या खोल्यांत दिवा लावून तेल जाळू नका. खाली, जिथे काहीच देऊन चालत नाही, तिथे तो पेटता दिवा हातात असावा लागतो.