रोजची ॲस्पिरिन घ्यावी का?

प्रश्न : बाबा ७३ वर्षांचे, हार्टचा त्रास कधीच नाही, पण शेजारच्या काकांचं बघून रोज ॲस्पिरिन सुरू केलीये. चालेल ना?

उत्तर : काकांचं बघून गोळी? अहो, काकांना स्टेंट (हार्टच्या नळीत बसवलेली जाळी) असेल तर त्यांची गोष्टच वेगळी, त्यांनी ती स्वतःहून बंद करायची नाही. पण हार्टचा त्रास नसलेल्यांचं म्हणाल तर ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत १९,११४ जणांवर, बहुतेक सत्तरीपुढचेच, १०० मिग्रॅ ॲस्पिरिनची ॲस्प्री ट्रायल झाली, २०१८ला रिझल्ट आले, हार्ट अटॅक-स्ट्रोक काही फारसे कमी झाले नाहीत, उलट मोठा रक्तस्राव झालेल्यांचं प्रमाण २.८ वरून ३.८ टक्क्यांवर गेलं. बाबांना डॉक्टरांकडे न्या, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर त्याही दाखवा.