नाशिकमध्ये घरच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत सन कोरल (पिवळ्या तंतूंचं समुद्री प्रवाळ) जगेल का? माझा लाईट साधा आहे.

लाईट साधा चालेल, पण दिवसाआड हाताने भरवणार असाल तरच ते जगेल. बऱ्याच प्रवाळांच्या अंगात उजेडावर अन्न बनवणारं शेवाळ असतं, याच्या नसतं. त्यामुळे नुसत्या उजेडावर ते पोसत नाही, उपाशी राहून हळूहळू झिजतं. दिवे मालवून मायसिसचं (कोळंबीसारख्या बारीक जीवांचं खाद्य) थोडं पाणी टाकीत सोडा. पिवळे तंतू फुलले, की ड्रॉपरने एकेका तोंडाशी मायसिस धरा. पाणी २५ अंशांच्या आसपास हवं, म्हणजे एप्रिल-मेमध्ये चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) आलाच. मात्र दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि सन कोरल त्यांतलंच. आपल्या समुद्रातून काढलेला तुकडा बाळगणं गुन्हा आहे; दुकानदार आयातीची कागदपत्रं दाखवत नसेल तर कृपया घेऊच नका.