पॅच चालू असताना पातळ होतंय म्हणजे जुलाबच, असं धरून चालू नका

ताई, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. आईंना फेंटॅनिलचा (मॉर्फिनसारखं जबर वेदनाशामक, कातडीवर चिकटवायच्या पट्टीतून देतात) २५ चा पॅच चालू, पोट टम्म फुगलेलं, जेवण नको म्हणतात, त्यात आता दिवसभर थोडं थोडं पाण्यासारखं होतंय म्हणून जवळच्या डॉक्टरांनी लोपेरामाइड, म्हणजे जुलाब थांबवायची गोळी, दिलीय, आणि तुम्ही विचारताय पॅच सोसत नाहीये का, काढून टाकू का. आमच्या बाबांचं डिट्टो हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही, पण बाबांचं शेवटपर्यंत सगळं मीच केलं, तेव्हा जे डोळ्यांनी बघितलं तेवढं सांगते, निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

ते जुलाब नसतीलही. पॅचमधल्या असल्या वेदनाशामकांनी आतडं मंदावतं, मळ आत सुकून खडा होतो आणि खाली बूच बसल्यासारखा अडकतो, मग वरचं पातळ तेवढं कडेकडेने झिरपत राहतं. बघणाऱ्याला वाटतं लूज मोशन. आणि लोपेरामाइड आतड्यावर तेच करतं जे पॅच करतोय, म्हणजे अजून बंद. जखम मांडीला, मलम शेंडीला.

बाबांना प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडात गेलेला. मुंबईहून डिस्चार्ज देताना कार्डावर पॅच कधी बदलायचा, कॅल्शियम, पुढची तारीख सगळं लिहिलेलं, पोट साफ व्हायच्या औषधाची एक ओळ नाही. मळमळ आणि गुंगी बऱ्याच जणांची आठवडाभरात कमी होते, बद्धकोष्ठाचं तसं नाही, शरीराला त्याची सवय होतच नाही, म्हणून औषध पहिल्या दिवसापासून पॅचच्या जोडीने चालू हवं. हे आम्हाला नंतर कळलं, आणि सांगायचं काम ज्यांचं होतं त्यांनी सांगितलं नाही याचा राग मला आजही येतो.

पुढे गावात एका नर्सिंग होमला अ‍ॅडमिट केलं. नाव घेत नाही. राउंडचे डॉक्टर पायथ्याशी उभे राहायचे, चार्ट बघायचे, "मोशन किती?" विचारायचे आणि सलाईन अन् तीच गोळी. पोटाला हात कुणी लावला नाही. डायपर मी बदलत होते, त्यात नुसतं तपकिरी पाणी, घट्ट असं काहीच नाही, हे मी सिस्टरला दाखवलं, डॉक्टरांना सांगितलं, उत्तर एकच, इन्फेक्शन आहे. छातीवरचा पॅच बघून एक सिस्टर म्हणाली ही कसली पट्टी, काढू का. मग लघवी अडली, कॅथेटर घातला. मग बाबा असंबद्ध बोलायला लागले तर आजार डोक्यात गेला असेल म्हणून सीटी स्कॅन. २०१४ ला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात बदल करून मॉर्फिन, फेंटॅनिल मिळणं सोपं केलं ते उत्तमच केलं, पण मग हे पेशंट आपापल्या गावी जाणार, तिथल्या डॉक्टरला पॅच माहिती असायला नको का?

शेवटी भावाने पॅलिएटिव्हच्या, म्हणजे मोठ्या आजारात दुखणं-त्रास कमी करणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, संडासच्या जागी बोट घालून कुणी तपासलंय का? कुणीच नव्हतं तपासलं. त्यांच्याकडे नेलं, ग्लोव्हज, जेली, मिनिटभरात कळलं, आत दगडासारखा खडा. सपोझिटरी (संडासच्या जागी आत ठेवायची गोळी), एनिमा, थोडं हाताने, असं दोन-तीन दिवस चाललं. पोट उतरलं तसे बाबा शुद्धीवर आले आणि वरणभात मागितला. बाबांचे बोलण्यासारखे दिवसच मोजके उरले होते, त्यातले कितीतरी असे गेले.

म्हणून आज ज्यांनी पॅच लिहून दिलाय त्यांनाच फोन करा आणि स्पष्ट विचारा, लोपेरामाइड थांबवू का आणि तपासणी कुठे होईल. खूप उलट्या, कळा मारून पोट दुखणं, गॅसही सुटत नाही असं असेल तर आतडं खरंच अडकलेलं असू शकतं, तेव्हा घरी एनिमा किंवा पोट साफ व्हायचं काही औषध न देता सरळ हॉस्पिटल. नंतर बाबांना पोट साफ व्हायला लॅक्टुलोज आणि रात्री बिसाकोडिल चालू होतं, तुमचा डोस तुमचे डॉक्टर ठरवतील. इसबगोल मात्र नको, आपल्याकडे जो येतो तो तेच सुचवतो, पण माणूस पाणीच पीत नसेल तर त्याचा आत गोळा होतो.

पॅच मनाने काढू नका, दुखणं उसळतं आणि अचानक बंद केल्याचा त्रास होतो तो वेगळा. अपवाद एकच, हाक मारून, हलवूनही जागं होत नाहीत, श्वास अगदी संथ किंवा घोरल्यासारखा अडखळत, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तर पॅच काढा आणि त्याच मिनिटाला हॉस्पिटल गाठा. काढला म्हणजे झालं असं नाही, कातडीखाली साठलेलं औषध उतरत राहतं, रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच जवळपास दिवस लागतो.

पॅचजवळ गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, उष्णतेने औषध भराभर आत जातं. ताप चढला तरी तसंच, डॉक्टरांना कळवा. काढलेल्या पॅचमध्येही बरंच औषध शिल्लक असतं, चिकट बाजू आत दुमडून लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा आणि कुठे द्यायचा ते डॉक्टरांनाच विचारा.

अजून एक, आईंचं तोंड आलंय, पांढरं झालंय असंही तुम्ही लिहिलंय. त्यासाठी फ्लुकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) दिलं असेल तर त्याने फेंटॅनिल शरीरात जास्त साठतं, गुंगी वाढू शकते. फोनवर हेही आठवणीने सांगा.